दुनळीला रंग की ब्लूइंग? आणि .३१५ चं काय?

केळीबाग
दोन्ही हत्यारं परवान्यावरची, शेतीसंरक्षणाची. एक जुनी विलायती १२ बोअर दुनळी (घोडे आतले), दुसरी इशापूर कारखान्याची .३१५ स्पोर्टिंग रायफल. दुनळीचं ब्लूइंग (पोलादावर चढवलेला निळा-काळा थर) तोंडाकडे आणि डावा हात धरतो त्या जागी उडून लोखंड पांढरं दिसतंय, दोन नळ्यांमधल्या पट्टीच्या कडेने तपकिरी रेघ आहे. रायफलच्या नळीवर कुंद्याच्या रेषेलगत बारीक ठिपके.
ठिकाण यावल तालुका. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, आणि जुलै ते सप्टेंबर कपाटातल्या चपलेलाही बुरशी.
पर्याय तीन ऐकतोय: पुन्हा ब्लूइंग, सिरॅमिकचा रंग, किंवा सरळ काळा मॅट स्प्रे. शोभेचं काही नाही, गंज थांबला पाहिजे. जाणत्यांनी सांगावं, कारणासकट.

बांधावरचा
पोयाले बैलना शिंगे रंगाडतस ना, तोच डबा उघडा भो. इतला खटाटोप कसाले?

संपादक
धागा चालू द्या, एकच आठवण. शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे, आणि रानडुक्कर-रोहीबाबत वनखात्याच्या परवानगीशिवाय काही नाही. इथे चर्चा फक्त धातूच्या निगेची.

डाखवाला
केळीबाग आप्पा, तुमच्या दोन हत्यारांना दोन वेगळी उत्तरं आहेत. एकच भट्टी दोघांना लावलीत तर दुनळी जाईल.
दुनळीच्या दोन नळ्या आणि वरखालच्या पट्ट्या कथील-शिशाच्या मऊ डाखेने जोडलेल्या असतात. ही डाख १८३ अंशांच्या आसपास वितळायला लागते. शुद्ध कथील असेल तर २३२. बाजारात ज्याला नुसतं 'ब्लूइंग' म्हणतात ते बहुतेक वेळा गरम कॉस्टिकचं असतं: कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटचं दाट पाणी, १३५ ते १५० अंशांवर उकळतं. तापमान १८३ च्या खाली आहे म्हणून लोक फसतात. डाख तिथे उष्णतेने जात नाही, कॉस्टिकने जाते. कथील आणि शिसं दोन्ही त्यात विरघळतात. शिवाय पट्टीखालच्या पोकळीत खार शिरतो, तो धुऊन निघत नाही, आणि सहा महिन्यांनी पट्टीच्या कडेने पांढरी फुलं येऊन आतून गंज सुरू होतो. बाहेरून नळी आरशासारखी काळी, आतून पोखरलेली.
म्हणून दुनळीला एकच जुनी रीत: गंजवून उकळायची, म्हणजे रस्ट ब्लू. वेळखाऊ आहे, पण डाखेला धक्का नाही.
.३१५ ची नळी एकच आणि अखंड. तिला गरम कॉस्टिक चालतं. मात्र माशीचा (नेम धरायच्या पुढच्या खुणेचा) किंवा मागच्या साइटचा पाया डाखेने बसवलेला असेल तर आधी बघून घ्या.

मॅटब्लॅक
२०२६ मध्ये ब्लूइंगची शिफारस? ब्लूइंग स्वतः गंज थांबवत नाही, ते फक्त तेल धरून ठेवतं. तेल वाळलं की संपलं. सिरॅमिक कोट घ्या, दहा वर्षं बघायला नको. रीत अशी: भाग सुटे करा, ॲसिटोनमध्ये बुडवून तेल काढा, ओव्हनमध्ये १५० अंशांना तासभर ठेवून सांध्यांतलं तेल बाहेर येऊ द्या, पुन्हा ॲसिटोन. मग १०० नंबर ॲल्युमिनियम ऑक्साइडने ब्लास्टिंग. यानंतर उघड्या हाताने शिवायचं नाही. रंगात हार्डनर मोजून घालायचा, साधारण १८ भाग रंगाला १ भाग, चकाकी किती हवी त्यावर थोडं कमी-जास्त. पातळ हात मारून १२१ अंशांना २ तास भाजायचं. जाडी येते १२ ते २५ मायक्रॉन. घाम, खत, पाऊस, सॉल्व्हंट, कशाला दाद देत नाही.

क्षारताई
मॅटब्लॅक यांचं 'ब्लूइंग फक्त तेल धरून ठेवतं' हे वाक्य बरोबर आहे, आणि त्यातच उत्तर दडलंय.
तांबडा गंज फुगतो, सुटतो, त्याच्या फटींत पाणी शिरतं. ब्लूइंग म्हणजे मॅग्नेटाइट, लोखंडाचाच काळा ऑक्साइड, तो धातूला घट्ट चिकटून असतो. थर दोन-तीन मायक्रॉनचा, म्हणून मापं बदलत नाहीत, पण तो सच्छिद्र असतो. त्या छिद्रांत तेल बसलं तरच संरक्षण.
रंगाचं उलट. तो अडसर आहे, जोवर अखंड आहे तोवर उत्तम. एक टवका उडाला की पाणी कडेने रंगाखाली सरकतं आणि गंज न दिसता पसरतो. ब्लूइंगवरचा गंज पहिल्याच दिवशी तांबडा दिसतो, बोटाने पुसता येतो. रंगाखालचा दिसतो तेव्हा खड्डा पडलेला असतो.
महिन्यातून एकदा हत्यार उघडून पुसणाऱ्याला ब्लूइंग. वर्षभर हात न लावणाऱ्याला रंग, पण मग तो तळापासून नीट केलेला हवा.

मॅटब्लॅक
ताई, टवका उडायला हातोडी लागते. सिरॅमिक कोट हा दारावरचा ऑइल पेंट नव्हे.

डाखवाला
हातोडी कशाला? दुनळी मोडून उघडताना नळीचा आकडा आणि फ्रेमची खीळ एकमेकांवर घासतात, तिथे कुठलाच रंग टिकत नाही. आणि तुम्ही सांगितलेल्या १५० च्या भट्टीत दुनळी घातली की पट्टीखाली पन्नास वर्षांचं साचलेलं तेल पाझरायला लागतं. तासभराने थांबत नाही. रंग मारून भाजताना तेच पुन्हा पाझरतं आणि पट्टीच्या कडेने ओळीने फोड येतात. रंगवाला म्हणतो 'पुन्हा मारून देतो', पुन्हा तेच. दुनळीला रंग न देण्याचं हे खरं कारण, डाख वितळणं नव्हे.

शहादा_फाटा
आमच्याकडे मोटारसायकलच्या रिम पावडर कोट करतात ते दणकट असतं. तिथे नाही का चालणार? स्वस्तात होईल.

डाखवाला
नाही, नाही आणि नाही. पावडर कोटचा थर ६० ते ८० मायक्रॉन. म्हणजे रायफलच्या बोल्टसारख्या (काडतूस आत ढकलणाऱ्या दांड्यासारख्या) गोल भागाचा व्यास दीड दशांश मिलिमीटरने वाढला, बोल्ट घरात जाणारच नाही. भट्टी १८० ते २००, तिथे दुनळीची डाख खरोखरच सुटेल. माशी वाकडी, पट्टी लोंबती.

परवानाधारक
शहादा_फाटा, त्याआधी एक मोठी अडचण आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दुरुस्तीसाठी दुसऱ्याचं हत्यार ताब्यात ठेवायलाही परवाना लागतो. रिमवाल्याकडे नळी ठेवून आलात तर तो आणि तुम्ही दोघेही अडचणीत. काम काहीही असो, परवानाधारक बंदूक-दुरुस्तीवाल्याकडेच द्यायचं, पावतीवर हत्याराचा नंबर, दिल्याची तारीख आणि कामाचं स्वरूप लिहून घ्यायचं.
दुसरं कलम ८. हत्यारावरचं नाव, नंबर, खूण खोडणं किंवा बदलणं गुन्हा आहे. पॉलिश करणारा पोऱ्या बफिंगच्या चाकावर नळी धरतो आणि उथळ नंबर अर्धा जातो. हेतू नव्हता हे नंतर सांगत बसावं लागतं. म्हणून देण्याआधी सगळ्या नंबरांचे जवळून फोटो, आणि 'नंबर व खुणांवर बफ लावू नये' हे पावतीवर.

रावेर_स्टेशन
+१. विलायती दुनळी आहे तर प्रूफच्या, म्हणजे नळी तपासून पास केल्याच्या, खुणाही तशाच जपा. बर्मिंगहॅमची १९०४ ते १९५४ मधली असेल तर नळीच्या सपाट तळाशी मुकुटाखाली बीपी, बीव्ही आणि एनपी दिसतील. एनपी म्हणजे नायट्रो, आजच्या धूरविरहित काडतुसासाठी तपासलेली. ती खूण घासून गेली तर पुढच्या माणसाला ही नळी कशासाठी पास झाली होती हे कळायचा मार्ग गेला. रंगाचाही हाच दोष, २५ मायक्रॉनचा थर बारीक खुणा बुजवतो.
आणखी एक तपासा. नळीवर, विशेषतः घासून पांढऱ्या पडलेल्या जागी, लाकडाच्या रेषांसारखी किंवा नागमोडी नक्षी दिसते का? दिसली तर ती दमास्कस नळी, लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेली. तिला गरम कॉस्टिक अजिबात नाही. आणि आजच्या काडतुसाने ती वाजवायचीही नाही.

केळीबाग
नक्षी नाही, साधं पोलाद आहे. बीपी, बीव्ही, एनपी तिन्ही आहेत. फोटो काढून ठेवले.
डाखवाला दादा, रस्ट ब्लूची रीत पूर्ण सांगा ना. करणार परवानावालाच, पण त्याने काय करावं आणि काय चुकतं हे माहीत असलं तर बोलता येतं.

डाखवाला
घ्या.
नळ्या कुंद्यापासून आणि फ्रेमपासून सुट्या. जुनं ब्लूइंग फॉस्फरिक आम्लाच्या बोळ्याने पुसून उतरवायचं, संडास साफ करायच्या ॲसिडने नाही. त्यात मिठाचं आम्ल असतं, क्लोराइड छिद्रांत राहतं आणि धुतल्यावर तासाभरात नळी नारिंगी होते. स्प्रिंगा तर कुठल्याच आम्लात नाहीत, त्या ठिसूळ होऊन पुढे कधीतरी तुटतात.
मग हाताने पॉलिश. २२० पासून ४०० पर्यंत पेपर, लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून, नळीच्या लांबीत. ४०० च्या पुढे जाऊ नका, आरसा झाला की द्रावण धरत नाही. बफ नको, बफने पट्टीच्या कडा गोल होतात.
दोन्ही नळ्यांत आतून शेलॅक (लाखेचं वॉर्निश), दोन्ही टोकांना लाकडी खुंट्या. खुंट्या लांब ठेवा, पुढे त्याच मुठी होतात. यापुढे नळीला बोट लागता कामा नये.
ॲसिटोनने पुसून गंजवायचं द्रावण जवळजवळ कोरड्या बोळ्याने, एका दिशेने, एकदाच. ओघळ आला तर तिथे तांबूस डाग राहतो आणि तो शेवटपर्यंत जात नाही. मग दमट पेटीत टांगायचं, तीन ते बारा तास, बारीक मखमली गंज चढेपर्यंत.
नंतर पन्हळीत पाणी खळखळ उकळून नळ्या १५-२० मिनिटं पूर्ण बुडवायच्या. तांबडा गंज काळा होताना डोळ्यांसमोर दिसतो, आधी कडा, मग मध्य. बाहेर काढून वाळल्या की सैल काळी भुकटी बारीक तारेच्या ब्रशने किंवा चार शून्यांच्या स्टील वूलने हलक्या हाताने झाडायची. स्टील वूलला कारखान्यातूनच तेल असतं, ते आधी ॲसिटोनमध्ये धुवा. लोक हेच विसरतात आणि तिसऱ्या फेरीला ठिगळं दिसतात.
असं पाच ते आठ वेळा. पहिल्या दोन फेऱ्यांत राखाडी आणि भिकार दिसतं, तिथे घाबरून द्रावण जास्त लावायचं नाही. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळून आम्ल मारायचं, गरम असतानाच तेलात भिजवून रात्रभर ठेवायचं. सकाळी स्पिरिटने आतलं शेलॅक काढून नळीला आतून तेल.
जुन्या नुस्ख्यांत रसकापूर असतो, पाऱ्याचं वीष. 'आजोबांची बाटली' कोणी काढली तर तिथून निघा.

क्षारताई
यात खान्देशाच्या दोन अडचणी जोडते.
पाणी. आपलं बोअरचं पाणी जड. त्यात उकळलं की नळीवर चुन्याचे पांढरे ठिपके बसतात आणि त्याखाली काळं होत नाही. बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी घ्या. पावसाचं धरलेलं पाणीही चालतं, पहिली सर सोडून.
हवा. वैशाखात इथे दुपारी इतकं कोरडं असतं की द्रावण मिनिटात वाळतं आणि गंज चढतच नाही. मग कारागीर जोरकस द्रावण लावतो आणि नळीवर खड्डे पाडतो. त्यापेक्षा प्लायवूडची उभी पेटी, तळाला गरम पाण्याचं पसरट भांडं, बाजूंना ओली गोणपाटं, आत साधा बल्ब. ३० अंशांच्या आसपास ऊब आणि आर्द्रता ७५-८० टक्के. नळीवर थेंब धरायला लागले तर जास्त झालं, दार किलकिलं करा. श्रावणात पेटीची गरज नाही, नुसती खोली पुरते.

बांधावरचा
म्हणजे वैशाखात गंज विकत आणायचा, श्रावणात फुकट. बरं शे.

कपाशी_आणि_इतर
विषय थोडा बाजूला नेतो, पण तेल कोणतं? आमच्याकडे सगळे खोबरेल लावतात.

क्षारताई
खोबरेल नको. २४-२५ अंशांखाली ते थिजतं, जानेवारीत चापाच्या यंत्रात मेणासारखं बसतं. जुनं झालं की खवट होतं, म्हणजे आम्लच. जवसाचं तेल कुंद्याच्या लाकडाला उत्तम, लोखंडाला नाही, कारण ते वाळून चिकट पापुद्रा होतं. धातूला शिलाई मशीनचं पातळ खनिज तेल, आणि पावसाळ्यासाठी वर ग्रीसचा हलका हात.
आणि तेलापेक्षा मोठी गोष्ट: हत्यार खतांच्या खोलीत ठेवू नका. केळीवाल्यांकडे पोटॅशच्या गोण्या थप्पीने असतात. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचा सख्खा भाऊ. त्याची धूळ नळीवर बसली आणि हवा दमट झाली की ब्लूइंग असूनही आठवडाभरात ठिपके. युरियाही हवेतलं पाणी ओढतो. केळीबाग आप्पा, तुमच्या रायफलवरचे 'बारीक ठिपके' मला तसलेच वाटताहेत. घामाचा गंज बोटांच्या आकाराने येतो, असा फवाऱ्यासारखा नाही.

केळीबाग
ताई, कपाट आणि पोटॅश एकाच भिंतीला आहेत. आजच हलवतो.

रावेर_स्टेशन
कुलरही बघा. मे महिन्यात बाहेर आर्द्रता वीस टक्के आणि कुलरच्या खोलीत साठच्या वर. लोखंड साधारण साठच्या पुढे झपाट्याने गंजतं. आणि पावसाळ्यात हत्यार रेक्झिनच्या गवसणीत बंद ठेवू नका. आतला फोम पाणी धरतो आणि नळीला पोल्टिससारखा चिकटून बसतो. गवसणी ने-आण करण्यापुरती. घरी सुती कापड, नाहीतर गंजरोधक वाफेचा कागद, आणि कपाटात भाजून कोरडी केलेली सिलिका जेल.
आचारसंहितेत ठाण्यात जमा करावी लागते तेव्हाही तसंच. बाहेरून जाडसर ग्रीस, कागदात गुंडाळून, वर सुती. नळीच्या तोंडात बोळा कोंबू नका, तो ओल धरतो आणि परत आल्यावर कोणी न काढताच काडतूस भरलं तर नळी फुगते.

मॅटब्लॅक
दुनळीबद्दल माघार घेतो, तेल पाझरण्याचा मुद्दा पटला. पण .३१५ साठी मी रंगावर ठाम आहे. एकच नळी, पोकळी नाही, आणि मालक म्हणतोय शोभा नको. तिथे ब्लूइंगचा हट्ट कशासाठी?

डाखवाला
.३१५ ला रंगाला माझा विरोध नाही, नुसत्या रंगाला आहे. खाली फॉस्फेट द्या. ब्लास्ट केलेली नळी जस्त किंवा मँगनीज फॉस्फेटच्या बाथमध्ये ८८ ते ९३ अंशांवर पंधरा-वीस मिनिटं, बुडबुडे थांबेपर्यंत. पाच ते पंधरा मायक्रॉनचा राखाडी, खरखरीत थर येतो. तो तेलही धरतो आणि रंगही. वर रंग मारला तर टवका उडाला तरी खाली फॉस्फेट असतं, गंज रंगाखाली सरकत नाही.
ही काही नवी युक्ती नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्रजांनी आपल्या रायफलींवर हेच केलं, फॉस्फेट आणि वर सनकोराइट नावाचा भट्टीत भाजायचा काळा रंग. तुमची .३१५ त्याच ली-एनफील्ड घराण्यातली आहे. तेव्हा 'पारंपरिक की रंग' हा वाद तिच्या बाबतीत थोडा खोटाच.
फॉस्फेटचा बाथ आम्लाचा, म्हणून दुनळीला हाही नाही, तीच पट्टीखालच्या पोकळीची कटकट.

मॅटब्लॅक
हे मान्य. मात्र जाडीचा हिशेब करा. फॉस्फेट १० आणि रंग २०, एका बाजूला ३० मायक्रॉन. फॉस्फेट धातूला थोडं खातं, म्हणून पूर्ण ३० वाढत नाही. तरी बोल्ट, बोल्टचं डोकं, लॉक होणारे खांदे, बोल्ट सरकतो ती वाट, चेंबर, नळीचं आतलं अंग, चापाचे आकडे, सगळे आटे यांना रंग नाही. चेंबर आणि नळीत सिलिकॉनचे बूच, आट्यांत जुने स्क्रू. मॅगझिनला आतून रंग दिला तर काडतूस अडकतं, बाहेरूनच द्या. बोल्ट घासून चकचकीत ठेवा आणि तेल लावा.

क्षारताई
नुसतं सँडब्लास्ट खड्ड्यांना पुरत नाही हेही लक्षात घ्या. ठिपक्यांच्या तळाशी गंज आणि क्लोराइड राहिलं तर रंगाखाली तेच उगवतं. ब्लास्टिंगनंतर डिस्टिल्ड पाण्यात उकळून, वाळवून, भिंगाने बघायचं. खड्ड्यात काळा ठिपका दिसला तर पुन्हा. आणि हे सगळं एकाच दिवशी. ब्लास्ट केलेलं उघडं पोलाद जुलैच्या हवेत रात्रभर ठेवलं की सकाळी सोनेरी झालेलं असतं.

शहादा_फाटा
बाजारात बाटलीतलं कोल्ड ब्लू मिळतं, पाच मिनिटांत काळं. ते दुनळीच्या पांढऱ्या जागांवर लावलं तर एवढा खटाटोप वाचेल ना?

डाखवाला
स्क्रूचं डोकं, माशीची कड, नखाएवढा ओरखडा, इतकंच. ते ऑक्साइड नाहीच. सेलेनियम आणि तांब्याचा पातळ थर बसतो, अंगठ्याने महिनाभरात निघतो. वीतभर जागेवर लावलं तर निळसर-तपकिरी ढग दिसतात, आणि नीट न धुतल्यास त्याखालूनच गंज येतो. सेलेनियम विषारी आहे, हातमोजे हवेतच.

कपाशी_आणि_इतर
आणि फ्रेमवर जी निळी-तपकिरी-करडी रंगपंचमी असते, तीही उडालीय दुनळीची?

रावेर_स्टेशन
ती केस हार्डनिंगची, म्हणजे वरचा थर कठीण करण्याची. हाडांच्या कोळशात तापवून पाण्यात विझवताना उमटते. ती परत आणण्यासाठी फ्रेम पुन्हा तापवली तर वाकू शकते आणि नळ्यांचा सांधा बिघडतो. काही लोक गॅसच्या ज्योतीने रंग आणून देतात, त्याने फ्रेमचं पाणी उतरतं. उडाली तर उडू द्या. राखाडी झालेली फ्रेम तेलाने पुसत राहा, काळी करू नका.

केळीबाग
एवढं वाचून थोडं काम केलं, त्याचा अहवाल. रायफल कुंद्यातून सोडवली. वरून चार ठिपके दिसत होते, पण कुंद्याच्या आत, नळी लाकडाला टेकते तिथे हातभर तांबडी पट्टी. म्हणजे .३१५ ला फॉस्फेट, वर रंग, आणि लाकडाच्या खाचेलाही आतून जवसाच्या तेलाचा हात. दुनळीला रस्ट ब्लू. बरोबर?
फक्त दुनळीच्या पट्टीकडेची तपकिरी रेघ कळत नाही. पुसली की दोन दिवसांनी परत येते, बाकी नळी कोरडी असताना. तेवढ्याच रेघेत.

डाखवाला
रायफलचं बरोबर. दुनळीचं ठरवायच्या आधी एक करा. नळ्या सुट्या करून खालच्या आकड्याला सुतळी बांधा आणि हवेत लोंबत्या धरा. बोटाच्या पेराने किंवा लाकडी पट्टीने हलकी टिचकी मारा, जसा बाजारात माठ वाजवून घेतो तशी. तोंडापासून चेंबरपर्यंत चार-पाच ठिकाणी. काय आवाज येतो ते सांगा.

बांधावरचा
माठ गळका निंघना तं काय करशात आप्पा?

केळीबाग
चेंबरकडे घंटीसारखा घुमतो. तोंडाकडच्या वीतभरात आवाज बसका, आणि बारीक झणझण.

डाखवाला
तिथे पट्टीची डाख सुटलीय. ओल त्या फटीतून आत जाते आणि आतला गंज बाहेर पाझरतो, तीच तुमची रेघ. वरून काहीही लावा, ती येणारच. आता वाजवू नका ती दुनळी. परवानावाल्याला सांगा की आधी पट्टी उचलून आतलं साफ कर, पुन्हा मऊ डाख दे, टिचकी मारून घंटी ऐकव, आणि मगच रस्ट ब्लू. डाख देताना तिथलं जुनं ब्लूइंग तसंही काढावं लागतं, त्यामुळे त्याला काम दुप्पट नाही.
आणि देईपर्यंत त्या फटीत तेल सोडू नका. तेल गेलं की डाख धरत नाही.

केळीबाग
कालच सोडलंय.

डाखवाला
मग नळ्या तोंड खाली करून वर्तमानपत्रावर उभ्या करा. निथळेल तेवढं निथळू द्या, आणि कारागिराला आधीच सांगा, म्हणजे तो ॲसिटोन जास्त आणून ठेवेल.